आठ कोपरे

सकाळी सातला मावशी उंदरांची रात्र सुरू करायच्या. भिंतीवरचं एक बटण खाली, दुसरं वर. पांढरे दिवे विझायचे आणि खोलीभर तांबडा उजेड पसरायचा. उंदरांना तांबडं दिसत नाही, त्यांच्या लेखी तो मिट्ट काळोख. खाली रस्त्यावर माणसं डबे घेऊन कामाला निघालेली असायची आणि इथे चौथ्या मजल्यावर सोळा पांढरे उंदीर जागे होऊन मिशा हलवायला लागायचे. बावीस वर्षं मावशींचा दिवस असा दुसऱ्यांच्या रात्रीत गेला होता. दुपारी घरी निघताना जिन्यातलं ऊन अंगावर आलं की त्या क्षणभर कठडा धरून उभ्या राहायच्या. उजेडावर त्यांचा चटकन विश्वास बसत नसे.

मावशी हे काही त्यांचं नाव नव्हतं, पण संस्थेत सगळे मावशीच म्हणायचे. यंत्रवाला तर त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होता, तोही. उंदरांनी काय केलं ते मोजणारे संगणक त्याच्या ताब्यात होते आणि जिभेला काम नसलं की तो मावशींच्या दारात येऊन उभा राहायचा.

"मावशींच्या खोलीत उंदीरसुद्धा पाय पुसून शिरतात," तो म्हणायचा.

"तुम्ही पुसत नाही, म्हणून त्यांना शिकवलंय," मावशी म्हणायच्या, आणि बोटाने पायपुसणं दाखवायच्या.

स्वच्छतेचं त्यांना वेडच होतं. नवरा गेला त्या वर्षी ही नोकरी लागली, तेव्हा पहिल्या महिन्यात वासाने त्यांना जेवण जात नव्हतं. मग त्यांनी वासाशी वैर धरलं आणि ते निभावलं. एखादा उंदीर आजारी आहे हे त्यांना डॉक्टरच्या आधी कळायचं. डोळे बारीक झाले, कान मागे पडले, अंगावरचे केस फुलले की त्या पिंजऱ्याला चिठ्ठी लावून मोकळ्या व्हायच्या. उंदीर हातात घेतल्यावर तो त्यांच्या तळव्यात लगेच सैल पडायचा. आपल्या हातात काही आहे असं त्यांना स्वतःला कधी वाटलं नाही. सवय, असं त्या म्हणायच्या.

त्या वर्षीचं काम पुडीचं होतं. लोक जी चोरून घेतात, जी झोप उडवते आणि अंगात वारं भरते, तीच पूड इथे कुलपातल्या कपाटात होती. प्रत्येक उंदराच्या मानेत एक बारीक नळी बसवलेली. रोज दोन तास त्याला त्याच्या पेटीत सोडायचं. पेटीला जाड दार, आत बाहेरचा आवाज पोचत नाही. एका भिंतीवर खटका आणि खटक्याच्या वर एक इवलासा दिवा. पंजाने खटका दाबला की दिवा लागायचा आणि विरघळलेल्या पुडीचा एक थेंब रक्तात जायचा. आठवड्याभरात उंदीर शहाणे झाले. दाबायचं, थांबायचं, वर दिव्याकडे बघायचं, पुन्हा दाबायचं. काहींनी खाणं टाकलं. त्यांची पोटं पाठीला लागली.

मग औषध सुरू झालं. सोळांपैकी आठांना रोज सकाळी औषधाची सुई, आठांना नुसत्या मिठाच्या पाण्याची. कुणाला काय, ते मॅडमच्या कपाटातल्या यादीत. ती यादी मावशींनी पाहायची नव्हती, यंत्रवाल्यानेही नाही.

हे औषध काय करतं, ते मॅडमनी एकदा समजावून सांगितलं होतं. मॅडम म्हणजे या सगळ्या प्रयोगाच्या मालकीणबाई. अकरा वर्षं या एका औषधामागे होत्या आणि त्यात त्यांचे केस पांढरे झाले होते.

"मेंदूतली एक पेशी दुसरीला डोपामिन नावाचा निरोप धाडते," मॅडम म्हणाल्या. "काहीतरी चांगलं घडलं, पुन्हा कर, असा निरोप. पोचला की पहिली पेशी तो परत आत ओढून घेते. ते ओढून घेणारं एक दार असतं. पूड त्या दारात जाऊन बसते, मग निरोप बाहेरच साचत राहतो. आपलं औषधही त्याच दारात बसतं, पण सावकाश, वेगळ्या अंगाने. निरोप जेमतेम साचतो, आणि पूड आली की तिला जागाच नसते."

मावशींनी जरा विचार केला. "म्हणजे चोराच्या आधी आपला माणूस खुर्चीत बसवायचा."

"अगदी."

"आणि आपण बसवला तो चोर नाही कशावरून?"

मॅडम मोठ्याने हसल्या. "तेवढंच तर बघतोय आपण, मावशी."

आणि मावशी बघत होत्या, डोळ्यांत तेल घालून. कारण घरी धाकटा होता.

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ, बारा वर्षांनी लहान. आई गेल्यावर मावशींनीच त्याला वाढवला. तो काचेचं काम करायचा. आरसे, खिडक्या, दुकानांच्या दर्शनी काचा. हिऱ्याच्या टोकाने तो काचेवर एकच रेघ ओढायचा, पट्टी न लावता, आणि टिचकी मारली की काच त्या रेघेवरून अलगद वेगळी व्हायची. बघायला माणसं थांबायची. मोठ्या कामाच्या एका आठवड्यात कुणीतरी जागं राहायला म्हणून त्याला पूड दिली. पहिले सहा महिने हात आणखी स्थिर झाला. पुढे तो हात असा गेला की त्याला चहाचा कप धरवेना. दुकान गेलं, बायको माहेरी गेली, वजन गेलं. दोनदा इस्पितळात राहून आला आणि दोन्ही वेळा महिन्याच्या आत पुन्हा तेच. पुडीवर चालणारं औषध अजून कुणाकडेच नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आणि आता ते मावशींच्या हाताखालून जात होतं. लहान मात्रा निरोगी माणसांना देऊन झाली होती. पुडीतून सुटू पाहणाऱ्या बारा जणांची पहिली तुकडी येत्या सोमवारी एका इस्पितळात सुरू व्हायची होती, तीही मोठ्या मात्रेवर. तीच मात्रा जास्त दिवस दिली तर काय होतं, हे त्याच वेळी मावशींच्या उंदरांवर बघणं चाललं होतं. बारा जणांत धाकटा होता. इस्पितळाने त्याला आपणहून निवडलं होतं, मावशींनी नातेवाईक म्हणून खाली सही केली होती. मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. अठरा दिवस तो पुडीवाचून होता, दात आवळून, सोमवारकडे बघत.

आकडे तर झकास होते. आठ उंदरांनी खटका सोडून दिला होता. वजनं वाढली होती, अंगावर तकाकी आली होती. "आठ जणांचे भोपळे!" यंत्रवाला पडदा दाखवत म्हणायचा. "शाळेत मला मिळायचे तस्से."

धाकट्याच्या तपासण्यांसाठी मावशींनी मंगळवार-बुधवार रजा टाकली. दोन दिवस दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खोली सांभाळली. गुरुवारी मावशी परत आल्या, दिवे तांबडे केले आणि पहिली पेटी उघडून कपाळाला हात लावला. बाईंनी कोपरे पुसलेच नव्हते.

रोज उंदीर बाहेर काढल्यावर पेटी आतून स्पिरिटने पुसायची, हा मॅडमचा नियम होता. कालचा वास आज राहता कामा नये. मावशींनी फडकं भिजवलं. मागच्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात, दोन बोटं उंचीवर, अंगठ्याएवढा करडा डाग होता. त्यांनी पुसला. दुसऱ्या पेटीत डाग नव्हता. तिसऱ्या पेटीत होता. तोच कोपरा, तीच उंची, तेवढाच.

मावशींचा हात थांबला.

त्यांनी विजेरी आणली. सोळा पेट्या. डाग आठ पेट्यांत, मागच्या डाव्या कोपऱ्यात. खटका समोरच्या भिंतीवर होता, तिकडे त्या आठांत धूळ बसायला लागली होती. त्यांनी एका डागावरून बोट फिरवलं. तिथलं प्लास्टिक गुळगुळीत, किंचित खोलगट झालं होतं, पायरीच्या दगडासारखं. दोन दिवसांत प्लास्टिक असं झिजत नाही.

मग त्यांना आठवलं. गेले पाच आठवडे रोज पुसताना त्यांचा हात काही पेट्यांत त्या कोपऱ्याशी जरा जास्त रेंगाळत होता, जरा जास्त दाबत होता. तिथे काहीतरी असतं, हे हाताला माहीत होतं. त्याने ते डोक्याला सांगितलं नव्हतं. डाग रोज पडत होता आणि मावशी तो रोज नाहीसा करत होत्या. कॅमेरा खटक्यावर रोखलेला. आकडे खटक्याचे. कोपऱ्यासाठी कागदावर रकानाच नव्हता.

उंदीर पेट्यांत सोडल्यावर त्यांनी एरवी बाहेर जाऊन बसायचं. त्या दिवशी त्या थांबल्या. प्रत्येक पेटीच्या दाराला रुपयाएवढी काच होती. पहिल्या काचेला त्यांनी डोळा लावला.

उंदीर मागच्या पायांवर उभा होता, खटक्याकडे पाठ करून. उजवा पंजा त्याने कोऱ्या भिंतीवर ठेवला, दाबला, उचलला. थांबला. मग मान वर करून भिंतीच्या वरच्या भागाकडे बघितलं. तिथे दिवा नव्हता. काहीच नव्हतं. तरी दिवा लागून विझायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढा वेळ तो बघत राहिला. मग पुन्हा पंजा.

तिसऱ्या पेटीत तेच. चौथ्या पेटीतही. आवाज न पोचणाऱ्या आठ पेट्यांमध्ये, एकमेकांची जराही चाहूल नसलेले आठ उंदीर आपापल्या कोपऱ्याकडे तोंड करून उभे होते. मावशी शेवटच्या पेटीवरून पुन्हा पहिल्या पेटीकडे गेल्या. पंजा भिंतीवर होता. दोन तास तो भिंतीवर होता. वेळ संपल्यावर त्यांनी त्याला बाहेर काढला तेव्हा तो नेहमीसारखा तळव्यात सैल पडला, फक्त उजवा पंजा हवेत हलत राहिला, त्यांच्या अंगठ्याच्या पेरावर. दाबून, थांबून, दाबून.

संध्याकाळी त्यांनी धाकट्याला सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"खातात?" त्याने विचारलं.

"खातात."

"झोपतात?"

"झोपतात. वजन वाढलंय."

"चावतात? अंग ओरबाडतात?"

"नाही रे."

"मग तुझं बिनसलं कुठे?"

"अरे, त्या भिंतीत काही नाहीये. खटका नाही, दिवा नाही. तरी वर बघतात."

धाकटा हसला. "ताई, मी रोज संध्याकाळी त्या छापखान्याच्या बोळाशी जाऊन उभा राहतो, ठाऊक आहे तुला? पूड देणारा तो माणूस तिथून कधीच गेला. बोळात कुणी नसतं. मी पण बघतोच की. फरक एवढाच, की मला जीव नकोसा होतो. तुझ्या उंदरांना होतो?"

"मला काय माहीत?"

"तुला नाही तर कुणाला? बावीस वर्षं तोंडं बघतेयस त्यांची. कशी होती तोंडं? सुखात वाटले?"

मावशी आठवू लागल्या. डोळे उघडे होते, कान ताठ होते. दुखणं नव्हतं, भीती नव्हती. "दुःखात नव्हते," त्या सावकाश म्हणाल्या. "पण आत कुणी नव्हतं."

"चालेल मला," धाकटा म्हणाला. "आत मी असतो तेव्हा काय होतं ते तू पाहिलंयस."

मावशींनी जेवणाचं ताट त्याच्यापुढे सरकवलं, ते त्याने बाजूला केलं.

"सोमवारपर्यंत बोलू नकोस, ताई. एकदा पहिली गोळी पोटात गेली की मग काय सांगायचं ते सांग. एवढं कर माझ्यासाठी."

शुक्रवारी मावशींनी पेट्या पुसल्या. आठही कोपरे, आधी फडक्याने, मग नखाने. पुसून झाल्यावर विजेरी मारून बघितलं. यंत्रवाला दारात येऊन म्हणाला, "काय मावशी, आज उंदरांचं दिवाळं काढलंत, वासही शिल्लक ठेवला नाहीत." मावशींनी आज पायपुसणंही दाखवलं नाही, फडकं पिळत राहिल्या. हातांना स्पिरिटचा वास मारत होता. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईने नाक मुरडलं, तेव्हा त्यांनी हात पदराखाली घेतले.

घरी धाकटा बाहेर गेला होता. टेबलावर इस्पितळाने दिलेली वही होती. रोज संध्याकाळी भरायची, आठ आठवडे. आज पुडीची इच्छा किती झाली? शून्य ते दहा. खाली दोन ओळी, काही वेगळं जाणवल्यास लिहा. मावशींनी वही सहज उघडली. सोमवारच्या पानावर शून्य होतं. वर तारीख येत्या सोमवारची, आणि आज तर शुक्रवार. त्यांनी पान उलटलं. मंगळवार, शून्य. बुधवार, शून्य. खालच्या ओळींत धाकट्याच्या जुन्या, नीट अक्षरात 'काही नाही' असं लिहिलेलं. पानामागून पान शून्य, काही नाही, शून्य, काही नाही, शेवटच्या पानापर्यंत. एकही शून्य वाकडं नव्हतं. एका बैठकीत, एकाच पेनने, थरथरत्या हाताने इतकी गोल शून्यं काढायला त्याला केवढी मेहनत पडली असेल, हे मावशींना त्या कागदावर दिसत होतं.

उद्या हा त्या बोळात चार-चार तास उभा राहिला तरी वहीत भोपळाच असणार होता. इस्पितळातलं कुणीतरी तो पडद्यावर बघून खूश होणार होतं. आणि इथे कोपरा बघायला कुणीही नसणार होतं.

शनिवारी मावशी मॅडमच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. सगळं सांगितलं.

"किती दिवस पुसताय?" मॅडमनी विचारलं.

"पाच आठवडे. काल धरून."

"काल तर तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"का, मावशी?"

"सोमवारच्या बारा जणांतला एक माझा भाऊ आहे."

त्या दोघी तांबड्या खोलीत गेल्या. मॅडमनी आठ काचांना डोळा लावला, एकेक करून, आणि प्रत्येक काचेशी मागच्यापेक्षा जास्त वेळ थांबल्या. परत आल्या तेव्हा त्या मावशींकडे न बघता म्हणाल्या, "अकरा वर्षं मी एका खटक्याकडे बघत बसले." मग कपाटातली यादी काढून त्यांनी पेट्यांचे आकडे ताडून पाहिले. आठच्या आठ जुळले.

इस्पितळाला फोन त्यांनी मावशींच्या समोरच केला. तुकडी थांबवा म्हणाल्या. फोन ठेवून बराच वेळ हात त्याच्यावरच ठेवून बसल्या. "औषध टाकाऊ ठरलं असं नाही," त्या म्हणाल्या. "मात्रा खाली आणावी लागेल, पुन्हा सगळं बघावं लागेल. तीन महिने. कदाचित जास्त. भावाला सांगा…"

मावशींनी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला. साठलेली रजा खूप होती.

घरी धाकटा बूट घालून खुर्चीत बसला होता. इस्पितळाचा फोन येऊन गेला होता.

"सांगितलंस," तो म्हणाला.

"हो."

"किती?"

"तीन महिने."

तो ओरडेल, काहीतरी फेकेल, अशी मावशींची तयारी होती. तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "मी नाही काढू शकत तीन महिने. मी आजची संध्याकाळ काढू शकत नाही."

"मी घरी आहे. रजा घेतलीये. आजची काढू, मग उद्याची बघू."

"तुझ्याच्याने मी आवरणार नाही, ताई. मी तुला ढकलून जाईन." तो उठला, दाराची किल्ली त्याने त्यांच्या हातात ठेवली आणि त्यांची बोटं तिच्यावर मिटली. "चार ते सात फार वाईट असतं. तू बाहेर जा आणि बाहेरून कुलूप लाव. मी दार बडवीन, शिव्या घालीन, रडीन, आईची शपथ घालीन. सातपर्यंत उघडू नकोस. काय वाटेल ते झालं तरी."

चारला मावशींनी आपल्या भावाला कुलूप लावलं आणि जिन्यात बसल्या.

वरच्या मजल्यावरची बाई भाजीची पिशवी घेऊन चढत होती. "काय हो, किल्ली विसरलात वाटतं?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "हातातच आहे."

बाई दोन पायऱ्या चढून थांबली, वळून बघितलं, आणि जरा घाईने वर गेली.

पहिला तास तो आत येरझारा घालत होता. मग दार बडवलं. मग शिव्या झाल्या, मावशींना, मॅडमना, उंदरांना. मग रडणं झालं. आईची शपथही झाली. मावशी किल्ली मुठीत आवळून बसल्या. सगळं त्याने सांगितलं होतं त्याच क्रमाने होत होतं, आणि त्यातच त्यांना धीर होता.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी आतला आवाज थांबला. मावशींनी कान दाराला लावला.

"ताई," दाराच्या अगदी पलीकडून, त्यांच्या कानाच्या उंचीवरून धाकटा म्हणाला. "उघड आता. झालं माझं. बरं वाटतंय."

आवाज शांत होता. त्यात रडण्याची ओल नव्हती, धाप नव्हती. गोड, लहानपणी दुपारी झोपून उठल्यावर यायचा तसा. बडवण्याबद्दल त्याने सांगितलं होतं, शिव्यांबद्दल सांगितलं होतं. या आवाजाबद्दल काही सांगितलं नव्हतं.

"सातला," मावशी म्हणाल्या.

"बरं," तो म्हणाला, तितकाच गोड.

जिन्यातला उजेड एकेक पायरी खाली उतरत होता. मावशींनी मनात वेळ मोजला.

"ताई," आवाज आला, त्याच उंचीवरून, त्याच सुरात. "उघड आता. झालं माझं. बरं वाटतंय."

"सातला," मावशी म्हणाल्या, आणि आत कोण बोलतंय ते ओळखण्यासाठी पुन्हा कान दाराला लावला.